जवारी ऐकू येते का? संगीत डाउनलोड सेवांच्या आवाजाचे परीक्षण

शास्त्रीय संगीत फाइलच्या रूपात विकत घ्यायला गेले, की सेवा आपल्यासमोर आधी आकडे ठेवतात. ३२० केबीपीएस, १६ बिट, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ अशी ही चढती भाजणी असते आणि तिच्यासोबत किंमतही चढत जाते. गेली अनेक वर्षे मी निरनिराळ्या सेवांवरून ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि वाद्यवादन विकत घेत आले आहे आणि घरातल्या सीडी व कॅसेटींशी ती ध्वनिमुद्रणे ताडून पाहत आले आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे, की फाइलवर कोणता आकडा लिहिला आहे यापेक्षा ती फाइल मुळात कशावरून तयार केली, हा प्रश्न आवाजाच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे, आणि सेवा निवडताना नेमका तोच विचारायचा राहून जातो.

पुण्यात हा प्रश्न विचारायला एके काळी समोर माणूस असे. कर्वे रस्त्यावरचे अलूरकर म्युझिक हाउस शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी नुसत्या विकत नव्हते, तर स्वतः प्रकाशितही करत होते. तशा दुकानात ध्वनिमुद्रण मैफलीचे की स्टुडिओतले, साथीला कोण, हे विचारून मग कॅसेट घेता येत असे. आता डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात एखादे गाणे ऐकून भारावलेला श्रोता घरी येऊन फोन उघडतो, त्याच कलाकाराचे तेच ध्वनिमुद्रण त्याला चार ठिकाणी चार दर्जांत दिसते आणि त्यांतला फरक सांगणारे तिथे कोणीही नसते. अशा श्रोत्याच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी जरुरीपुरते तंत्र. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावी-उजवी अशा दोन्ही बाजू धरून सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट (म्हणजेच केबीपीएस) इतकी माहिती भरते. तेवढ्या नमुन्यांत २० किलोहर्ट्झपर्यंतची कंपने, म्हणजे निरोगी तरुण कानाला ऐकू येते ते सारे, सामावते. एमपी३ आणि एएसी ही स्वरूपे यातली जी माहिती कानाला जाणवणार नाही असे मानले जाते ती कायमची टाकून देतात. ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये मूळ माहितीच्या पाव हिश्शाहून कमी माहिती उरते आणि १२८ केबीपीएसमध्ये जेमतेम अकरावा हिस्सा. फ्लॅक आणि ॲपलचे एएलएसी ही लॉसलेस स्वरूपे मात्र काहीही टाकून न देता फाइल साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश आकाराची करतात आणि वाजवताना मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा परत देतात. तासाभराच्या रागाची सीडी दर्जाची फ्लॅक फाइल बहुधा ३०० ते ४०० एमबीची होते आणि ३२० केबीपीएसची एमपी३ १४४ एमबीची. आजच्या फोनला आणि घरोघरच्या ब्रॉडबँडला हा फरक जड नाही, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी एमपी३ घ्यावी हा सल्ला आता जुना झाला आहे.

कमी बिटरेटने, म्हणजे सेकंदाला कमी माहिती ठेवल्याने, आपल्या संगीताचे नेमके काय बिघडते, हे मात्र बारकाईने ऐकण्यासारखे आहे, कारण पाश्चात्त्य पॉप गाणी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले सल्ले इथे फारसे कामी येत नाहीत. माझी पहिली कसोटी तंबोऱ्याची असते. गवयाने षड्ज (सा) लावण्यापूर्वीचे अर्धे मिनिट निवडावे. पंचम, दोन जोडी आणि खर्ज या तारा एकामागून एक छेडल्या जातात, घोडीवर तारेखाली सरकवलेल्या धाग्यामुळे जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, खुलते, प्रत्येक तारेतून उपस्वरांचा पदर सुटतो आणि एका तारेची आस संपायच्या आत दुसरी त्यात मिसळते. काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुरात लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो आणि त्याचा पाचवा उपस्वर, म्हणजे ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो तो, ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो. हा गंधार अगदी वाईट एमपी३मध्येही ऐकू येतो, कारण ज्या पट्ट्यात कान सर्वाधिक जागरूक असतो तिथे, आणि त्याच्या खाली, एमपी३ सहसा हात आखडता घेत नाही. त्यामुळे "गंधार तर छान ऐकू येतो आहे" असे म्हणून पुष्कळ चांगले कानही फसतात. जाते ती जवारीची धार. काही हजार हर्ट्झच्या वरची ती बारीक झणझण १२८ केबीपीएसला सलग राहत नाही. ती क्षणात असते, क्षणात नसते, आणि तंबोरा सतत हलत असल्यासारखा, किंचित गढूळ वाटू लागतो. एकदा हा दोष ओळखता आला, की पुढे गायकाच्या आवाजामागेही तो जाणवत राहतो आणि आलापीतली शांतता नासते.

दुसरी कसोटी तबल्याची आहे आणि तिचे कारण वेगळे आहे. एमपी३ ध्वनीचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब एकत्र करते. ११५२ नमुन्यांची एक चौकट म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा, "ना" अगदी अचानक सुटतो. तो तुकड्याच्या मध्यावर आला आणि बिट अपुरे असले, तर हिशेबातली चूक त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते, म्हणजे बोल वाजण्याच्या आधीच त्याची अस्पष्ट खरखर ऐकू येते. मोठा आवाज थांबल्यानंतर आलेला बारीक आवाज कान बऱ्याच वेळापर्यंत झाकून टाकतो, पण मोठ्या आवाजाच्या आधी आलेला बारीक आवाज तो काही मिलिसेकंदच झाकू शकतो. म्हणूनच हा दोष लपत नाही. चांगला एनकोडर, म्हणजे फाइल आक्रसणारा प्रोग्रॅम, अशा जागी तुकडे लहान करून वेळ मारून नेतो, पण द्रुत लयीत "तिरकिट" सलग सुरू झाले की १२८ केबीपीएसला त्याचे अक्षर अन् अक्षर वेगळे राहत नाही. डग्ग्याचा घुमारा मात्र शाबूत असतो. त्यामुळे एकूण नाद भरदार वाटतो आणि बोल तेवढे बोथट होतात, आणि हे पुष्कळदा तबलजीच्या माथी मारले जाते.

तिसरी कसोटी टाळ्यांची, आणि ती मैफलींच्या ध्वनिमुद्रणांसाठी आहे. टाळ्यांचा गजर हा विस्कळीत आवाज असतो, त्यात कुठलीही पुनरावृत्ती नसते, त्यामुळे कमी बिटांत तो बसवणे सर्वांत कठीण. सम गाठल्यावर आलेली दाद कढईत काही तळल्यासारखी ऐकू आली, तर फाइल कोणत्या दर्जाची आहे ते सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

हे सारे १२८ केबीपीएसबद्दल झाले. ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा २५६ केबीपीएसची एएसी जर चांगल्या मूळ ध्वनिमुद्रणावरून आणि आजच्या एनकोडरने तयार केली असेल, तर ती लॉसलेस फाइलपासून ओळखणे अत्यंत अवघड आहे, हे मी स्पष्ट लिहिते. ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी फूबार२००० या मोफत प्रोग्रॅममधली एबीएक्स चाचणी करून पाहावी. तिच्यात कोणती फाइल वाजते आहे हे लपवलेले असते आणि आपण केवळ कानाने उत्तर द्यायचे असते. दोन्ही फाइलींचा आवाज आधी समान पातळीवर आणणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कोणालाही अधिक चांगलाच वाटतो. मी माझ्या हेडफोनवर अशी चाचणी घेते तेव्हा १२८ केबीपीएसची फाइल तंबोऱ्यावरून खात्रीने ओळखते आणि ३२० केबीपीएसची ओळखू शकत नाही.

तरीही विकत घेताना लॉसलेसच घ्यावे असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण आजच्या ऐकण्यापेक्षा पुढच्या साठवणुकीत आहे. लॉसलेस फाइलपासून हवी ती दुसरी फाइल हव्या त्या वेळी करता येते; एमपी३पासून दुसरी एमपी३ किंवा एएसी केली, की झीज दुप्पट होते. ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांना तर हा मुद्दा रोजचा आहे, कारण बहुतेक ब्लूटूथ हेडफोनकडे ध्वनी जाताना तो पुन्हा एकदा आक्रसला जातो. आधीच एकदा कापलेल्या फाइलवर ही दुसरी कापाकापी झाली, की पहिलीत लपलेले दोष वर येतात.

२४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींसाठी जास्त पैसे द्यावेत का, याबाबत मात्र मी पुणेकराच्या हिशेबाने नाही म्हणेन. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले. अधिक दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून घेतलेले ध्वनिमुद्रण श्रोत्यांना ओळखायला सांगितले असता ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून आली असती तितकीच. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर निघाले. फरक असलाच तर तो एवढाच. ध्वनिमुद्रण करताना आणि संपादन करताना २४ बिट उपयोगी पडतात, यात वाद नाही. पण १६ बिटांतही सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मावते, आणि कोथरूडला किंवा सदाशिव पेठेत रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत रात्री उशिरासुद्धा आवाज ३० डेसिबलच्या खाली जाणे दुर्मीळ आहे. त्या पातळीच्या वर ९६ डेसिबल मोजले, की कानाला इजा होईल इथपर्यंत आपण पोहोचतो. तेव्हा सीडी दर्जाची लॉसलेस फाइल मिळत असेल तर तिथेच थांबावे आणि उरलेल्या पैशांत आणखी एक ध्वनिमुद्रण घ्यावे. एकच अपवाद मी करते: कधीकधी २४ बिटांच्या आवृत्तीचे मास्टरिंगच, म्हणजे प्रकाशनापूर्वी आवाजाचा केलेला शेवटचा मेळ, वेगळे असते, त्यात लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी दाबलेला असतो. तेव्हा ती जरूर घ्यावी, पण फरक मास्टरिंगचा आहे, बिटांचा नाही, हे समजून घ्यावे.

आता सेवांकडे वळते. सर्वप्रथम एक घोटाळा दूर करायला हवा. मासिक वर्गणीच्या ॲपमध्ये "डाउनलोड" नावाचे जे बटन असते ते म्हणजे खरेदी नव्हे. ती फाइल त्या ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी संपली की निरुपयोगी होते. ॲपल म्युझिकने जून २०२१पासून जादा पैसे न घेता लॉसलेस दर्जा देऊ केला ही चांगलीच गोष्ट आहे, पण तीही भाड्यानेच. शिवाय अशा बहुतेक ॲपमध्ये ऐकण्याचा दर्जा आणि डाउनलोडचा दर्जा यांच्या निवडी वेगवेगळ्या असतात, आणि दुसरी निवड सहसा कोणी उघडून पाहत नाही. ज्यांना वर्गणीच पुरेशी वाटते त्यांनी निदान तेवढी जागा आज तपासावी.

विकत मिळणाऱ्या फाइलींत सर्वांत मोठे नाव ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरचे आहे. अमेरिकेत एप्रिल २००३मध्ये ते सुरू झाले तेव्हा १२८ केबीपीएसची, कुलूपबंद (ठरावीक यंत्रांवरच वाजणारी) एएसी फाइल मिळत असे. २००७पासून २५६ केबीपीएसच्या बिनकुलूप फाइली येऊ लागल्या आणि २००९मध्ये सगळा संगीतसाठा तसा झाला. भारतात हे दुकान डिसेंबर २०१२मध्ये उघडले. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की वर्गणीदाराला लॉसलेस ऐकवणारी हीच कंपनी खरेदीदाराला मात्र अजून २५६ केबीपीएसची एएसीच देते. आवाज उत्तम असतो, फाइल आपली होते, शोधायला सोपी जाते. पण ज्या दर्जाची फाइल कंपनीकडे आहे ती पैसे मोजणाऱ्याला मिळू नये, हे मला पटत नाही. नवी ध्वनिमुद्रणे झटपट हवी असतील तर घ्यावे. जन्मभर जपायच्या गाण्यासाठी ही माझी पहिली पसंती नाही.

माझी पहिली पसंती बँडकॅम्प आहे आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. २००८पासून चालू असलेल्या या सेवेवर कलाकाराने फाइल चढवतानाच ती लॉसलेस असावी लागते, आणि त्यामुळे विकत घेणाऱ्याला फ्लॅक, एएलएसी, वेव्ह, एआयएफएफ, एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस यांतले हवे ते स्वरूप निवडता येते. किंमत सगळ्यांची एकच. आज एएलएसी उतरवली आणि पुढच्या वर्षी फोन बदलला, तर त्याच खरेदीवर फ्लॅक पुन्हा उतरवता येते. ॲपलचा फोन असलेल्यांनी एएलएसी घेणे सोयीचे, कारण त्या फोनवरच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक बसत नाही; अँड्रॉइडवर फ्लॅक सरळ वाजते. डिजिटल विक्रीतून ही सेवा १५ टक्के वाटा कापून घेते आणि कलाकाराची विक्री ठरावीक रकमेच्या वर गेल्यावर तो १० टक्क्यांवर येतो. म्हणजे आपण दिलेल्या पैशांतला मोठा भाग गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हाती पडतो. लावलेल्या किमतीहून अधिक रक्कम आपणहून देण्याची सोय आहे आणि मी ती वापरते.

या सेवेबाबत दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. एक म्हणजे खरेदीपूर्वी संकेतस्थळावर जे ऐकू येते ते १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये असते. तंबोऱ्याची वर सांगितलेली कसोटी तिथे लावली तर उत्तम ध्वनिमुद्रणही नापास होईल. तिथे गायन-वादन पारखावे, आवाज पारखू नये. दुसरी गोष्ट पैसे भरण्याची. किंमत बहुधा परकी चलनात असते, बँकेचा चलनबदलाचा आकार वर पडतो आणि भारतीय कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहाराची मुभा आधी चालू करून घ्यावी लागते, कारण २०२०च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर नव्या कार्डांवर ती आपोआप मिळत नाही. वयस्कर श्रोत्यांना इथे कोणाची तरी मदत लागतेच.

मात्र बँडकॅम्पवर तरुण कलाकार, परदेशात स्थायिक झालेले वादक आणि छोटे प्रकाशक सापडतात. आपल्या पिढीने ज्यांच्यावर कान घडवले त्या बुजुर्गांच्या रेकॉर्डी तिथे फारशा नाहीत. एचएमव्ही म्हणून आपण ओळखत आलो त्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या अफाट साठ्याचे हक्क आज सारेगामाकडे आहेत, आणि तशीच इतर जुन्या कंपन्यांची ध्वनिमुद्रणे आपापल्या वारसदारांकडे आहेत. म्हणजे जुने संगीत हवे असेल तर सेवा निवडायला फारसा वाव नसतो. जिथे मिळते तिथूनच घ्यावे लागते. आणि अशा ठिकाणीच "ही फाइल कशावरून केली" हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी घ्या. साडेतीन मिनिटांत संपणाऱ्या त्या गाण्यांत वरच्या पट्टीतले काहीच नसते, तेव्हा तिथे बिटरेट कशाला, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सुईची खरखर टाळ्यांसारखीच विस्कळीत असल्याने ती साठवण्यात बिट खर्ची पडतात आणि गाण्याच्या वाट्याला कमी येतात. म्हणून जुनी, खरखरती रेकॉर्ड लॉसलेस घेण्यात नव्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणापेक्षा जास्त अर्थ आहे. काही कंपन्या ती खरखर संगणकाने इतकी पुसतात, की तिच्याबरोबर गळ्यातला दाणा, तंबोऱ्याची जवारी आणि सारंगीच्या गजाचा स्पर्शही पुसला जातो. मला अशा गुळगुळीत आवृत्तीपेक्षा खरखर असलेली, पण ज्यात गायकाचा श्वास ऐकू येतो ती आवृत्ती कधीही पसंत आहे.

त्याहून मोठा दोष वेगाचा. जुन्या रेकॉर्डी सगळ्याच नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहीत, आणि कॅसेटवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणात यंत्राचा वेग कमीजास्त असतो. वेगात एक टक्का फरक पडला की स्वर १७ सेंटने सरकतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तीन टक्के पडला तर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने. एकच नाट्यपद मी दोन सेवांवरून घेतले, तर एकीवर ते स्वच्छ काळी दोनमध्ये लागले आणि दुसरीवर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी, कोणत्याही पेटीवर न सापडणाऱ्या जागी. दुसऱ्या फाइलवर "एचडी" असे ठळक लिहिलेले होते. गाणे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर अशा फाइलीपासून सावध राहावे, कारण वेग वाढला की तान अधिक तयार आणि गळा अधिक पातळ वाटतो, आणि त्याचेच अनुकरण होते. तंबोऱ्याचे ॲप शेजारी लावून षड्ज जुळवून पाहणे, ही यावरची सोपी तपासणी आहे.

आणखी एक दोष आपल्याकडे जास्त टोचतो. विलंबित ख्याल एका फाइलीत आणि द्रुत बंदीश दुसरीत असे तुकडे केलेले असतात, पण मैफलीत त्यांच्यामध्ये खंड नसतो. एमपी३च्या रचनेतच फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, आणि प्लेअरने ती हिशेबात धरून वगळली नाही, तर नेमक्या द्रुतच्या उठावणीवर ठेका अडखळतो. फ्लॅकमध्ये ही भर नसते. फाइलीवरची माहिती पुरी असणे हेही मी दर्जातच धरते: राग, ताल, साथीदार, मुद्रणाचे साल. ज्या सेवेला तबल्यावर कोण हे लिहावेसे वाटत नाही तिने मूळ टेप शोधण्याचे कष्ट घेतले असतील, असा भरवसा मला वाटत नाही.

सेवा बंद पडतात, हेही विसरू नये. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये सुरू केलेले फ्लाइट हे एमपी३चे दुकान जून २०१३मध्ये बंद झाले. बँडकॅम्प २०२२मध्ये एपिक गेम्सकडे गेली आणि पुढच्याच वर्षी साँगट्रेडरकडे. विकत घेतलेले संगीत त्याच दिवशी उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे. घरच्या यंत्रणेबद्दल फार लिहीत नाही. साधा डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा ध्वनी करणारे छोटे यंत्र), तारेचे बरे हेडफोन आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारी चांगली केबल एवढ्यावर वरचे सगळे फरक ऐकू येतात.

राहता राहिला खोट्या लॉसलेसचा मुद्दा. एमपी३ फाइल फ्लॅकमध्ये बदलता येते. आकार वाढतो, आवाज तोच राहतो, आणि तिच्यावर लॉसलेसची किंमत लावता येते. स्पेक नावाचा मोफत प्रोग्रॅम फाइलीतल्या कंपनांचे चित्र काढून दाखवतो. १२८ केबीपीएसवरून फुगवलेली फाइल त्यात १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सपाट दिसते. जुन्या टेपच्या किंवा रेकॉर्डच्या फाइलीतही वरचा भाग रिकामाच असतो, पण तिथे रंग हळूहळू विरत जातो, सरळ रेघ नसते. हा फरक ओळखूनच निकाल द्यावा. एका सेवेवरून घेतलेल्या सतारीच्या अल्बमच्या फाइली मला अशाच कापलेल्या आढळल्या. मूळ सीडीवरचे तेच वादन शेजारी ठेवले तेव्हा तरफांची (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांची) झणझण सीडीवर होती आणि विकत घेतलेल्या फ्लॅकमध्ये नव्हती. दोन्ही चित्रे जोडून मी त्यांना लिहिले. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पैसे परत आले, परंतु तोच अल्बम तिथे त्याच वर्णनासह अजून विक्रीला आहे. तेव्हापासून कोणत्याही नव्या सेवेवरून मी पूर्ण अल्बम एकदम घेत नाही. एकच फाइल घेते, तिचे चित्र काढते, तंबोऱ्याचे पहिले अर्धे मिनिट ऐकते, आणि दोन्ही पटले तरच उरलेल्या फाइलींचे पैसे भरते.